एका चुलीची बेटं

मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांतून जाताना मध्येच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. काही भिंतीसारखे लांबट, काही पडक्या गढीच्या बुरुजासारखे, काही टप्प्याटप्प्याने वर निमुळते होत गेलेले. चहूबाजूंनी हिरवा ऊस आणि मधोमध हा रचलेला कातळ. तिथे कुणी देऊळ बांधायला घेतलं नव्हतं की किल्ला. ऊस लावायचा तर जमीन मोकळी हवी, म्हणून वेचून बाजूला टाकलेले हे दगड आहेत. यंत्रं येण्याआधी ते माणसांनी हातांनी उचलले. आधी गुलामांनी, आणि १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे करारावर, आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी. हे मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून आले. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणपती बसवतात. ‘त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं’ असं सांगून माणसं जहाजावर चढवली गेली, अशी आठवण मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सोनं नव्हतंच. दगड होते, आणि ते दिवसभर उन्हात वाहायचे होते.

त्या ढिगातला एक दगड हातात घ्यावा. काळपट राखाडी, आकाराच्या मानाने जड. अंगावर बारीक बारीक छिद्रं; शिलारस थिजताना आतला वायू निसटून गेला त्याच्या या खुणा. उन्हात फिरवला तर कुठेकुठे काचेसारखे हिरवट कण चमकतात. हे ऑलिव्हिन नावाचं खनिज. हा बेसाल्ट आहे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाच्या हाताला याचं वजन आणि याचा खडबडीतपणा लगेच ओळखीचा वाटेल. वाटायलाच हवा. दोघांचं नातं आहे, आणि ते समजून घ्यायला आधी हिंदी महासागराच्या तळाशी उतरावं लागतं.

मॉरिशसपासून नैऋत्येला पावणेदोनशे किलोमीटरवर रीयुनियन हे बेट आहे. राज्य फ्रान्सचं, जागा मकरवृत्ताच्या थोडी अलीकडे. क्षेत्रफळ २,५१२ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच शिखर पितों द नेज, ३,०७० मीटर. नकाशावर ठिपक्याएवढं दिसणारं हे बेट खरं तर एका अजस्र पर्वताचं टोक आहे. आजूबाजूचा समुद्र सुमारे चार हजार मीटर खोल आहे. म्हणजे तळापासून मोजलं तर हा पर्वत सात किलोमीटर उंच भरतो, आणि तळाशी त्याचा घेर दोनशे किलोमीटरहून जास्त रुंद आहे. पाण्याच्या वर जे दिसतं ते एकूण आकारमानाच्या जेमतेम तीन टक्के. वारुळाचं नुसतं टोक दिसावं आणि बाकीचं वारूळ पुरात बुडालेलं असावं, तसं.

खोल समुद्रात ज्वालामुखी फुटतो तेव्हा वरून काहीच कळत नाही. वरच्या पाण्याचा दाब इतका असतो की स्फोट होत नाही. भेगेतून शिलारस बाहेर येतो, थंडगार पाणी लागताच त्याचं बाहेरचं कवच थिजतं, आतला रस ते कवच फुगवतो, आणि एका उशीवर दुसरी उशी रचावी तसे गोल गोल लोट एकमेकांवर साचत जातात. भूवैज्ञानिक याला उशी-लाव्हाच म्हणतात. लाखो वर्षं हे असंच चालतं. डोंगर पृष्ठभागाजवळ आला की मात्र स्वरूप बदलतं. दाब कमी झालेला असतो, पाण्याची क्षणात वाफ होते, आणि राख, खडे, वाफेचे लोट उसळू लागतात. या अवस्थेत जन्मलेली कित्येक बेटं लाटा खाऊन टाकतात, कारण सैल राखेचा ढीग समुद्रापुढे टिकत नाही. शिलारसाचा पुरवठा जोरकस असेल आणि राखेवर घट्ट बेसाल्टचं आवरण चढलं, तरच बेट तगतं. रीयुनियन तगलं. पाण्यावर दिसणारे त्याचे सर्वांत जुने खडक सुमारे वीस लाख वर्षांचे आहेत. पृथ्वीच्या हिशेबात हे कालचं पोर.

हा रस येतो कुठून? पृथ्वीच्या पोटात सगळा वितळलेला रस भरलेला आहे आणि कवच फुटलं की तो वर येतो, असं आपण लहानपणी ऐकलेलं असतं. ते खरं नाही, आणि हा गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढची गोष्ट लागत नाही. कवचाखालचं प्रावरण घन आहे. ते अतिशय तापलेलं आहे, पण वरच्या खडकांच्या प्रचंड दाबामुळे वितळू शकत नाही. कुकरमध्ये दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही, आणि दाब निघून गेला की लगेच खदखदू लागतं. प्रावरणाचं असंच होतं. एखाद्या जागी खोलातून नेहमीपेक्षा अधिक तापलेला घन खडक अत्यंत संथपणे वर सरकत येतो. वर येता येता त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि कवचाच्या जवळ पोहोचल्यावर त्याचा थोडासा अंश वितळतो. तेवढाच रस भेगांतून वाट काढत बाहेर येतो. बाहेरून जाळ लावावा लागत नाही. दाब सुटणं पुरेसं असतं. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. मराठीत तप्तबिंदू असा शब्द आहे, पण मला चूल हा शब्द जवळचा वाटतो.

ही चूल आजही पेटलेली आहे. रीयुनियनच्या आग्नेय भागातला पितों द ला फूर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक. नावाचा अर्थच ‘भट्टीचं शिखर’. बहुतेक उद्रेक एका नालाच्या आकाराच्या खोलगट आवारात होतात. त्या आवाराची एक बाजू समुद्राकडे उघडी आहे, आणि त्या उतारावर वस्ती नाही. लोक त्या भागाला ‘ग्राँ ब्रुले’ म्हणतात, म्हणजे मोठं जळीत. माणसाने ज्वालामुखीला जागा मोकळी सोडली आहे आणि बहुतेक वेळा ज्वालामुखीही तिथेच राहतो. एप्रिल १९७७ मध्ये मात्र भेग त्या आवाराबाहेर पडली. शिलारस पितों सेंत-रोझ या गावात शिरला, घरं गेली, आणि चर्चच्या दाराशी येऊन तो दोन्ही अंगांनी पुढे निघून गेला. गाव आधीच रिकामं केलेलं होतं, त्यामुळे जीव वाचले. त्या चर्चला आज ‘लाव्हाची माता’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. याच उद्रेकानंतर, १९७९ च्या अखेरीला, बेटावर ज्वालामुखी-वेधशाळा सुरू झाली.

वेधशाळेचं काम फार सुंदर आहे. शिलारस वर चढू लागला की डोंगर काही सेंटिमीटरांनी फुगतो, लहान लहान भूकंपांची रांग लागते, उतार किंचित कलतात. हे सगळं उपकरणं टिपतात आणि उद्रेकाआधी इशारा देता येतो. एप्रिल २००७ मध्ये या उपकरणांनी एक विरळा प्रकार नोंदला. खालच्या उतारावरून इतका शिलारस एकदम वाहून गेला की वरच्या दोलोमिय्यू विवराखालचा आधारच गेला, आणि सुमारे एक किलोमीटर रुंदीचं ते विवर तीनशे मीटरहून जास्त खाली खचलं. शिलारस किनाऱ्याचा हमरस्ता ओलांडून समुद्रात पडला आणि बेटाच्या कडेला नवी जमीन जोडली गेली. रस्त्यावर साचलेला तो थर इतका जाड होता की पुढे कित्येक वर्षं पाऊस पडला की त्यातून वाफा निघत.

तिथला शिलारस बाहेर पडताना साधारण ११५० अंश सेल्सिअस तापलेला असतो आणि चांगलाच पातळ असतो. संथ वाहिला तर वरचा पापुद्रा थिजतो, खालचा रस पुढे जात राहतो, आणि तापवलेल्या दुधावरची साय बोटाने ढकलल्यावर जशा चुण्या पडतात तशा चुण्या त्या पापुद्र्याला पडतात. दोरखंडाच्या पिळांसारख्या दिसणाऱ्या या प्रकाराला पाहोएहोए हे हवाईयन नाव आहे. रस जोरात, घाईने उतरला तर कवच तुटून त्याचे धारदार खडे होतात. त्यावरून अनवाणी चालणं अशक्य. कधी वरचं छत पक्कं होतं आणि आतला रस संपूर्ण वाहून जातो. मग मागे रिकामा बोगदा उरतो. रीयुनियनमध्ये २००४ च्या प्रवाहाने असे बोगदे मागे ठेवले आहेत आणि लोक डोक्याला दिवा लावून त्यांत शिरतात. छताला थेंब थिजून लोंबत असतात.

एका हाताने बेट घडतं आणि दुसऱ्या हाताने मोडलं जातं. मोडणारा हात पावसाचा. उष्ण समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे आणि चक्रीवादळं या तीन किलोमीटर उंच भिंतीवर आदळतात. ७ आणि ८ जानेवारी १९६६ ला रीयुनियनमधल्या फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. हा जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता आणि त्या दिवसाची आठवण आपल्याला पुरून उरली आहे. फॉक-फॉकला जवळजवळ त्याच्या दुप्पट पडला. असा पाऊस लाखो वर्षं पडत राहिला तर डोंगराचं काय होईल, ते पितों द नेजभोवती दिसतं. हा जुना ज्वालामुखी हजारो वर्षांपासून थंड आहे. त्याच्या तीन बाजूंना सिलाओस, साल्झी आणि माफात ही तीन अफाट खोरी कोरली गेली आहेत, हजार मीटरच्या उभ्या कड्यांनी वेढलेली. काही भाग खचला, काही पाण्याने कापून नेला. माफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही; पायी जायचं किंवा हेलिकॉप्टरने. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी याच कड्यांच्या आड आसरा घेतला होता. आणि समुद्राच्या तळाशी पाहिलं तर बेटाच्या उतारांवर कोसळलेल्या कड्यांचे ढिगारे दूरवर पसरलेले सापडतात. तरुण ज्वालामुखी अशा तऱ्हेने स्वतःच्या वजनानेही ढासळत असतो.

आता मॉरिशसकडे परत येऊ. त्याचे जुने खडक आठ-नऊ दशलक्ष वर्षांचे. म्हणजे रीयुनियनचं जे पुढे होणार ते इथे बरंचसं होऊन गेलं आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. मोका, ग्राँ पोर्त आणि ब्लॅक रिव्हर या डोंगररांगा म्हणजे खचलेल्या मूळ ज्वालामुखीच्या काठाचे उरलेले दाते, असं भूवैज्ञानिक मानतात. गंमत अशी, की चुलीपासून दूर सरकल्यावरही या बेटाची धग संपली नव्हती. मोठ्या विश्रांतीनंतर, गेल्या काही लाख वर्षांत, मधल्या पठारावर पुन्हा लहान लहान तोंडं फुटली आणि त्यांच्या शिलारसाने जुन्या डोंगरांमधली जमीन झाकून टाकली. क्यूरपीप शहरातलं ‘त्रू ओ सेर्फ’ हे वाटोळं विवर त्यांपैकीच. महाशिवरात्रीला लाखो भाविक कावड घेऊन पायी ज्या गंगा तलावाला जातात, तो तलावसुद्धा एका विवरात साचलेला आहे. उसाच्या शेतांतले ते ढीग या नव्या शिलारसाचे. तो अजून पुरता कुजून माती झालेला नाही, म्हणून नांगराला दगड लागतात. जिथे जुना बेसाल्ट ऊनपावसात पार विरघळला, तिथे शामारेलची ती प्रसिद्ध रंगीत माती झाली. सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली, आणि त्यांनीच तांबडा, तपकिरी, जांभळट असे रंग दिले. कोकणातला जांभा ज्या क्रियेतून झाला, तीच ही क्रिया.

मॉरिशसच्या पोटात आणखी एक नवल निघालं. २०१३ मध्ये तिथल्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन या खनिजाचे असे कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं, जे बेटाहून कित्येक पटींनी जुने होते. वाळू वाऱ्याने किंवा माणसाने आणलेली असेल, अशी शंका घेतली गेली, आणि ती रास्त होती. मग २०१७ मध्ये सुमारे साठ लाख वर्षांच्या अखंड खडकाच्या आतच तीन अब्ज वर्षांपर्यंत जुने झिरकॉन मिळाले. त्या अर्थी शिलारस वर येताना एखाद्या बुडालेल्या जुन्या भूखंडाच्या तुकड्यातून आला असला पाहिजे. नव्या घराच्या भिंतीत शेकडो वर्षांपूर्वीच्या वाड्याची एखादी वीट सापडावी, तसं हे झालं.

किनारा पाहिला तर वयातला फरक आणखी स्पष्ट दिसतो. रीयुनियनचे उतार खडे, वाळू बरीचशी काळी, आणि प्रवाळाची कड फक्त पश्चिमेला, पंचवीसेक किलोमीटर. मॉरिशसला प्रवाळाने जवळजवळ पूर्ण वेढा घातला आहे, आत निळंशार उथळ पाणी आणि पांढरी वाळू. पुढे काय होतं, हे एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने ओळखलं होतं. चार्ल्स डार्विन एप्रिल १८३६ च्या अखेरीस बीगल जहाजातून मॉरिशसला उतरला. त्याच्या मनात तेव्हा एक कल्पना पक्की होत होती: ज्वालामुखी बेट हळूहळू बुडतं, प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर बांधत राहतो, शेवटी बेट दिसेनासं होतं आणि पाण्यावर प्रवाळाचं नुसतं कंकण उरतं. १८४२ मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं. पुरावा मिळायला शंभरहून अधिक वर्षं लागली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक कंकणद्वीपावर छिद्र पाडलं, तेव्हा सुमारे चौदाशे मीटर चुनखडीखाली बेसाल्ट लागला.

बेट बुडतं याचं कारण फक्त झीज नव्हे. त्याच्या वजनाने खालचा सागरतळ वाकतो. शिवाय तो तळ चुलीपासून दूर जाताना थंड होतो, आक्रसतो, जड होतो आणि खाली जातो. बेट ज्या पाटावर बसलंय तो पाटच खचत असतो.

आणि पाट सरकतही असतो. १९६३ मध्ये टुझो विल्सन या कॅनेडियन भूभौतिकीतज्ज्ञाने हवाईच्या बेटांच्या रांगेचा असा अर्थ लावला, की चूल एका जागी आहे आणि वरचा सागरतळ तिच्यावरून सरकतो आहे. नामांकित नियतकालिकांनी लेख नाकारला. तो शेवटी कॅनडातल्या भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला गेला. १९७१ मध्ये जेसन मॉर्गनने यामागे प्रावरणातून उठणारे झोत असल्याची कल्पना मांडली. आपल्याकडे निखाऱ्यावर पापड भाजतात ते आठवा. निखारा जागचा हलत नाही, हात पापड सरकवत नेतो, आणि जिथे जिथे धग लागली तिथे फोड उठत जातात. फोडांची ओळ पाहून पापड कोणत्या दिशेने सरकवला ते सांगता येतं.

रीयुनियनच्या चुलीवरच्या फोडांची ओळ उत्तरेला जाते. मॉरिशसच्या पुढे समुद्राखाली नाझरेथ आणि साया द माल्या हे विस्तीर्ण उथळ उंचवटे आहेत. एकेकाळच्या बेटांवर साचलेली ही चुनखडी. त्यानंतर ओळ तुटल्यासारखी वाटते आणि ईशान्येला चागोसपाशी पुन्हा सुरू होते. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी हिंदी महासागराच्या मधली, दोन भूपट्टांना वेगळं करणारी दुभंगरेषा या चुलीवरून सरकली आणि पापड फाटला. अर्धी ओळ आफ्रिकेच्या भूपट्टावर राहिली, अर्धी भारताच्या. चागोसनंतर मालदीव, त्यानंतर लक्षद्वीप.

१९८७ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या संशोधन जहाजाने या ओळीवर ठिकठिकाणी सागरतळ भेदला आणि खालच्या बेसाल्टचं वय काढलं. चागोसपाशी ४ कोटी ९० लाख वर्षं. मालदीवपाशी ५ कोटी ७० लाख. नाझरेथवर तेलाच्या शोधात खणलेल्या विहिरीतला बेसाल्ट ३ कोटी १० लाखांचा होता. उत्तरेला जावं तसं वय वाढत जातं. मालदीवची बाराशेच्या आसपास बेटं समुद्रापासून दीड-दोन मीटरच वर आहेत, एकही काळा दगड तिथे दिसत नाही. कंकणद्वीपासाठी इंग्रजीत रूढ झालेला अटॉल हा शब्दच तिथल्या दिवेही भाषेतला. पण त्या पांढऱ्या वाळूखाली, सुमारे दोन किलोमीटर चुनखडीच्या तळाशी, रीयुनियनसारखाच एक थंड झालेला ज्वालामुखी आहे. माफातसारखी खोरी कदाचित त्यालाही होती.

आणि ओळीच्या उत्तर टोकाला आपण आहोत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्याचा पश्चिम भाग या चुलीवर आला. तेव्हा बेट झालं नाही, कारण वर समुद्र नव्हता, जमीन होती. आणि उठलेला झोत नवा, प्रचंड होता. लांबच लांब भेगांतून शिलारसाचे लोंढे पसरत गेले, थरावर थर साचले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर ते शिल्लक आहेत. त्यांना दख्खनचे ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेत पायरी. दोन थरांच्या मध्ये कड्यांवर जी तांबडी रेघ दिसते, ती दोन लोंढ्यांमधल्या काळात पृष्ठभाग कुजून झालेली माती. दख्खन आणि रीयुनियनचा संबंध किती थेट आहे, झोत नेमका किती खोलातून येतो, यावर सगळे भूवैज्ञानिक एकमताचे नाहीत. पण ओळीवरची ती चढत गेलेली वयं समोर ठेवली, तर मला हे नातं नाकारता येत नाही. त्या काळी भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला निघाला होता. आशियाला धडकल्यावर तो वेग जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. चूल मात्र मागेच राहिली, आणि जाता जाता तिच्यावर एकेक बेट उठत गेलं.

मुंबईहून निघालेल्या जहाजांनी गिरमिट्यांना साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब नेलं. लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि साया द माल्या यांना जोडणारी ती बुडालेली वाट त्याच समुद्राच्या पोटात होती. रत्नागिरीच्या सड्यावरच्या जांभ्यापासून, त्याच्याखालच्या काळ्या कातळापासून निघालेली माणसं पोर्ट लुईला उतरली. तिथल्या आप्रवासी घाटावरच्या पायऱ्या बेसाल्टच्या आहेत. त्या चढून ती मळ्यांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी दगड उचलू लागली.